शिकागोचा तेरावा मतदारसंघ

शिकागो शहराच्या दक्षिण भागात, मिशिगन सरोवराच्या काठाकाठाने, जेथे १८९३ साली कोलंबसाच्या स्मरणार्थ भरलेल्या जागतिक प्रदर्शनाचे शुभ्र प्रासाद उभे होते आणि जेथे त्यांपैकी एका प्रासादाच्या वास्तूत आज विज्ञान व उद्योग यांचे संग्रहालय नांदते आहे, त्या हाइड पार्क नावाच्या वस्तीभोवती इलिनॉय राज्याच्या सेनेटचा तेरावा मतदारसंघ पसरलेला आहे. शिकागो विद्यापीठ याच वस्तीतले. अमेरिकेकडून घेतलेल्या धान्याच्या मोबदल्यात जमा झालेल्या रुपयांतून भारतीय भाषांतील पुस्तके ज्या अमेरिकी ग्रंथालयांकडे १९६२ नंतर नियमाने जाऊ लागली, त्यांत या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा समावेश असल्यामुळे मराठीच्या अभ्यासकाला हा पत्ता अगदी परका नाही. विद्यापीठाच्या पश्चिमेला व दक्षिणेला मात्र वस्तीचा पालट झपाट्याने होतो. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेकडील राज्यांतला जाच सोडून उत्तरेच्या कारखान्यांकडे आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसवलेला हा मुलूख होय, आणि येथील राजकारणाचा पिंड त्या स्थलांतराने घडवलेला आहे.

या मतदारसंघाचे नाव जगाला ठाऊक झाले ते एका व्यक्तीमुळे. १९९७ च्या जानेवारीत येथील प्रतिनिधी म्हणून राज्याची राजधानी स्प्रिंगफील्ड येथील विधिमंडळात शपथ घेतलेले बराक ओबामा बारा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाले, आणि मग चरित्रकारांनी येथील गल्ली न् गल्ली पालथी घातली. तथापि या लेखाचा विषय ती व्यक्ती नव्हे, ती जागा आहे. त्या जागेवर गेल्या साठ वर्षांत जी मोजकी माणसे बसली ती तेथवर कशी पोहोचली, आणि ज्यांच्या नावाने हा सारा कारभार चालतो त्या मतदारांच्या हाती प्रत्यक्ष निवड किती वेळा आली, हे पाहण्याजोगे आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. येथले महत्त्वाचे निकाल नकाशा आखणाऱ्याच्या मेजावर, उमेदवारी अर्जांच्या छाननीत आणि पक्षाच्या वॉर्डप्रमुखांच्या बैठकीत लागले. मतपेटीच्या वाट्याला बहुधा त्यांवर शिक्कामोर्तब करण्याचे काम आले.

इलिनॉयच्या सेनेटमध्ये एकोणसाठ सभासद असतात, आणि प्रत्येक सेनेट मतदारसंघाचे दोन भाग पाडून कनिष्ठ सभागृहाचे एकशे अठरा मतदारसंघ होतात. दर दहा वर्षांनी शिरगणती झाली की साऱ्या सरहद्दी नव्याने आखाव्या लागतात. हा नियम कागदावर जुना असला तरी त्याचा अंमल मात्र विलक्षण रखडला होता. शिकागो फुगत चालले होते, आणि नवा नकाशा केला तर सत्ता शहराकडे जाईल हे राज्याच्या ग्रामीण भागातील प्रतिनिधींना दिसत होते. म्हणून १९०१ पासून १९५५ पर्यंत, अर्धे शतक उलटून गेले तरी, विधिमंडळाने नकाशाला हातच लावला नाही. अखेर १९५४ साली घटनादुरुस्तीने तडजोड झाली ती अशी, की कनिष्ठ सभागृहाचे मतदारसंघ लोकसंख्येच्या मानाने पाडावेत आणि सेनेटचे मात्र क्षेत्रफळाच्या मानाने कायमचे बांधून टाकावेत. म्हणजे एका सभागृहात माणसे मोजायची आणि दुसऱ्यात जमीन.

ही तडजोडही टिकली नाही. १९६३ साली विधिमंडळाने केलेला कनिष्ठ सभागृहाचा नकाशा गव्हर्नर ओटो कर्नर यांनी नाकारला, त्यानंतर नेमलेल्या आयोगात उभय पक्षांचे एकमत होईना, आणि परिणामी १९६४ च्या निवडणुकीत त्या सभागृहाच्या तेव्हाच्या १७७ जागांसाठी मतदारसंघच उरले नाहीत. संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ झाला. प्रत्येक पक्षाने ११८ उमेदवार उभे केले, आणि २३६ नावांची, तेहतीस इंच लांबीची मतपत्रिका प्रत्येक मतदाराच्या हाती आली. लोक तिला पलंगपोस म्हणू लागले. बहुतेकांनी पक्षाच्या नावापुढे एक खूण करून ती परत केली, आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे सर्वच्या सर्व ११८ उमेदवार निवडून आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की राज्यांच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येच्याच मानाने असले पाहिजेत. त्यासरशी सेनेटचे क्षेत्रफळाचे गणितही निकालात निघाले, आणि १९६५ मध्ये नव्याने आखलेल्या नकाशावर पुढल्या वर्षी जी माणसे सेनेटवर निवडून आली, त्यांत हाइड पार्कच्या बाजूचे रिचर्ड न्यूहाउस हे एक होते.

न्यूहाउस यांचे नाव आज विस्मृतीत गेले आहे, याचे मला वाईट वाटते. १९६७ पासून १९९१ पर्यंत, जवळजवळ पाव शतक, त्यांनी या भागाचे प्रतिनिधित्व केले. १९७५ साली शिकागोच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उभे राहण्याचे धाडस केले. आणि देशभरच्या राज्य विधिमंडळांतील कृष्णवर्णीय सभासदांची संघटना स्थापण्यात पुढाकार घेतला. महापौर रिचर्ड डेली यांची पक्षयंत्रणा त्या काळी शहरात इतकी बळकट होती की तिच्या अनुज्ञेवाचून पानही हलत नसे. ॲब्नर मिक्वा, जे पुढे याच वस्तीतून विधिमंडळात आणि तेथून काँग्रेसमध्ये गेले, ते १९४८ साली विद्यार्थिदशेत पक्षकार्यासाठी वॉर्डाच्या कचेरीत गेले असता, तुला कोणी पाठवले, असा पहिला प्रश्न त्यांना विचारण्यात आला; आणि कोणीच नाही हे उत्तर ऐकताच त्यांना दार दाखवण्यात आले. ही हकिकत शिकागोत अजून सांगतात. हाइड पार्क ही या यंत्रणेला न जुमानणारी वस्ती होती. लिऑन डेप्रे यांनी येथून वीस वर्षे नगरसभेत डेलींना एकाकी विरोध केला, आणि शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरोल्ड वॉशिंग्टन यांचे घरही याच वस्तीत होते. स्वतंत्र बाण्याच्या या परंपरेत वाढलेल्या मतदारसंघाचा पुढला इतिहास म्हणूनच अधिक विचार करायला लावतो.

न्यूहाउस १९९१ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी ॲलिस पामर यांची नेमणूक झाली. नेमणूक म्हणण्याचे कारण असे, की इलिनॉयमध्ये विधिमंडळातील जागा मुदतीपूर्वी रिकामी झाली तर लगेच पोटनिवडणूक होत नाही. त्या मतदारसंघात ज्यांचे वॉर्ड येतात असे, गेलेल्या सभासदाच्याच पक्षाचे समितिप्रमुख एकत्र बसतात, आणि प्रत्येकाच्या भागात मागल्या निवडणुकीत पक्षाला जितकी मते पडली तितके वजन त्याच्या मताला देऊन तीस दिवसांच्या आत नवा सभासद ठरवतात. पामर या शिक्षणक्षेत्रातल्या विदुषी होत्या, लोकमान्यता त्यांना होती, आणि नेमणुकीनंतर त्या रीतसर निवडूनही आल्या.

१९९५ साली या भागातील काँग्रेसचे सभासद मेल रेनल्ड्स गुन्ह्यात दोषी ठरून पायउतार झाले. त्यांच्या जागेसाठी पामर यांनी उभे राहायचे ठरवले आणि राज्य सेनेटवरील आपल्या जागेसाठी, नागरी हक्कांचे काम करणारे आणि विद्यापीठात घटनाशास्त्र शिकवणारे चौतीस वर्षांचे वकील बराक ओबामा यांना पाठिंबा दिला. सप्टेंबरात हाइड पार्कमधील एका हॉटेलात ओबामांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा पामर तेथे हजर होत्या. पुढे २८ नोव्हेंबरला काँग्रेससाठी पक्षांतर्गत निवडणूक झाली. तीत नागरी हक्कांचे नेते जेसी जॅक्सन यांचे त्याच नावाचे चिरंजीव विजयी झाले, राज्य सेनेटमधील पक्षनेते एमिल जोन्स दुसरे आले, आणि पामर तिसऱ्या. आता त्यांच्या अनुयायांना त्या निदान जुन्या जागेवर तरी राहाव्यात असे वाटू लागले. ओबामांनी बाजूला व्हावे अशी मागणी झाली, त्यांनी ती मान्य केली नाही, आणि अर्ज भरण्याची मुदत डोक्यावर आलेली असता पामर यांच्या माणसांनी घाईघाईने सह्या जमवायला सुरुवात केली.

हे सह्यांचे प्रकरण जरा जवळून पाहिले पाहिजे. आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला, तो मान्यताप्राप्त पक्षाचा असेल तर एक आणि अपक्ष असेल तर दहा सूचक लागतात, व अनामत रक्कम भरली की काम भागते. इलिनॉयमध्ये अनामत नाही. तिची जागा शेकडो मतदारांच्या सह्यांनी घेतली आहे. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर उमेदवाराचे नाव, पत्ता, पद आणि पक्ष छापलेला असतो. खाली ओळीओळीने मतदाराची सही, त्याचे नाव आणि राहण्याचे ठिकाण. आणि तळाशी, ज्याने दारोदार हिंडून त्या सह्या घेतल्या त्याचे शपथपत्र, नोटरीच्या शिक्क्यासह. असे सारे कागद क्रमांक घालून एकत्र बांधावे लागतात. सही करणारा मतदारयादीत असला पाहिजे, तेथे लिहिलेल्या पत्त्यावरच त्याची नोंद असली पाहिजे, तो पत्ता मतदारसंघाच्या हद्दीत पडला पाहिजे, आणि सही दफ्तरातील सहीशी जुळली पाहिजे. एखाद्याने सवयीप्रमाणे वळणदार सही करण्याऐवजी सुटी अक्षरे काढली, की ती ओळ हरकतीला पात्र ठरते. हरकत घ्यायची कोणी? कोणाही मतदाराने, लेखी, ओळीचा क्रमांक देऊन. मग निवडणूक मंडळाचे कारकून दोन्ही बाजूंच्या माणसांदेखत एकेक ओळ दफ्तराशी ताडून पाहतात, आणि ही रुजवात कित्येक दिवस चालते.

त्या वर्षी तेराव्या मतदारसंघासाठी ७५७ वैध सह्या पुरेशा होत्या. ओबामांच्या कार्यकर्त्यांनी तीन हजारांहून अधिक जमवल्या, पामर यांनी १,५८० दाखल केल्या, आणि आणखी तीन इच्छुकांनी अर्ज भरले. पुढे ओबामांच्या बाजूने चौघांच्याही अर्जांवर हरकती नोंदवण्यात आल्या. दरम्यानच्या काळात निवडणूक मंडळाने मतदारयादी साफ करताना या एका मतदारसंघातून १५,८७१ नावे वगळलेली होती. जुन्या यादीच्या भरवशावर घेतलेल्या सह्या त्यामुळे धडाधड कोसळल्या. एका उमेदवाराने १,८९९ सह्या दिल्या होत्या; छाननीअंती तो ६९ सह्यांनी उणा पडला. पामर यांच्या वैध सह्याही आवश्यक संख्येच्या खाली गेल्या आणि त्यांनी माघार घेतली. चौघांपैकी एकही नाव मतपत्रिकेवर उरले नाही. मार्चमध्ये प्राथमिक निवडणूक झाली तेव्हा तेथे ओबामा एकटेच होते.

यात बेकायदा काही घडले नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. नियम सर्वांना ठाऊक होते, आणि जे उमेदवार साध्या सह्याही नीट जमवू शकत नाहीत ते प्रतिनिधित्व काय करणार, हा ओबामांच्या बाजूचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. तरीही या घटनेने मन अस्वस्थ होते. ज्या तरुणाने १९९२ साली शिकागोत मतदार नोंदणीची मोठी मोहीम चालवून सुमारे दीड लाख नवे मतदार यादीत आणले, त्याच्या पहिल्या निवडणुकीत त्याच शहरातील मतदारांना दोन नावांतून एक निवडण्याची संधी मिळाली नाही. पामर विरुद्ध ओबामा ही लढत झाली असती, तर अनुभवी, सर्वपरिचित विदुषी आणि होतकरू वकील यांच्यातला तो कौल हाइड पार्कच्या परंपरेला शोभला असता. निकाल काय लागला असता हा तर्काचा विषय; परंतु तो निकाल देणे हा मतदारांचा अधिकार होता, आणि तो कारकुनांच्या मेजावर संपला. दोष मी माणसापेक्षा पद्धतीला अधिक देतो, कारण ज्या पद्धतीत प्रतिस्पर्ध्याला हरवण्यापेक्षा त्याचा अर्ज बाद करणे सोपे असते, तेथे सज्जन माणूसही सोपा मार्ग धरतो.

नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे उपचारच होता. ओबामांना ४८,५९२ मते, म्हणजे ८२ टक्के. हॅरोल्ड वॉशिंग्टन यांच्या निधनानंतर त्यांचे नाव घेऊन निघालेल्या पक्षाचे उमेदवार दुसरे, आणि रिपब्लिकन उमेदवाराला पाच टक्क्यांच्या आसपास. १९९८ मध्ये ८९ टक्के. २००२ मध्ये तर समोर कोणीच नव्हते. ज्या एका लढतीत मतदारांना खरीखुरी निवड मिळाली ती या जागेसाठी नव्हती: २००० साली ओबामांनी काँग्रेसचे विद्यमान सभासद बॉबी रश यांना पक्षांतर्गत आव्हान दिले, आणि रश यांनी ६१ टक्के मते घेऊन त्यांना पार मागे टाकले. ओबामांना ३० टक्के पडली. भरपूर मतांनी मिळालेली जागा आणि भरपूर पाठिंबा यांतला फरक त्या पराभवाने दाखवून दिला.

यानंतर आला नकाशा. १९७० च्या राज्यघटनेने अशी तरतूद करून ठेवली होती, की विधिमंडळाला नकाशा जमला नाही तर दोन्ही पक्षांच्या समसमान आठ सभासदांचा आयोग नेमावा, आणि त्यालाही जमले नाही तर दोन नावांतून चिठ्ठी काढून नववा सभासद घ्यावा. चिठ्ठीच्या भीतीने तरी दोन्ही पक्ष समेट करतील, अशी घटनाकारांची अपेक्षा. घडले उलटेच. १९८१, १९९१ आणि २००१, तिन्ही वेळा समेट न करता चिठ्ठीची वाट पाहण्यात आली. महानगरपालिकेच्या प्रभागांचे आरक्षण ठरवताना शाळकरी मुलाच्या हातून सोडत काढण्याची रीत आपल्याकडे आहे. पण तेथे सोडतीने एखादा प्रभाग ठरतो, येथे दहा वर्षांची राज्यसत्ता ठरत असे. १९९१ ची चिठ्ठी रिपब्लिकनांची निघाली, आणि १९९३ पासून दहा वर्षे सेनेट त्यांच्या ताब्यात राहिले. ओबामांची पहिली सहा वर्षे म्हणूनच अल्पमतात गेली. २००१ च्या सप्टेंबरात राज्याचे सचिव जेसी व्हाइट यांनी लिंकनच्या उंच टोपीच्या प्रतिकृतीतून नाव काढले ते माजी महापौर मायकेल बिलँडिक यांचे, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे.

त्या पक्षाचे आराखडे आधीच तयार होत होते. जुना तेरावा मतदारसंघ हाइड पार्कपासून पश्चिमेकडे, एंगलवुडच्या गरीब वस्त्या ओलांडून शहराच्या आत शिरत असे. नवा मतदारसंघ सरोवराच्या कडेकडेने उत्तरेला वळला आणि शहराच्या मध्यभागाला वळसा घालून गोल्ड कोस्ट या धनिकांच्या वस्तीपर्यंत जाऊन पोहोचला. कृष्णवर्णीय मतदारांचे बहुमत त्यात राहिले, पण त्यांच्याशेजारी आता शहरातले अतिश्रीमंत दाते, वकील आणि संपादक ओबामांचे मतदार झाले. दोन वर्षांनी संघराज्याच्या सेनेटसाठी निधी गोळा करायला निघालेल्या माणसाला याहून सोयीचा नकाशा मिळणे अवघड होते. एंगलवुडच्या मतदाराला मात्र, तुमचा प्रतिनिधी आता दुसरा, एवढेच कळले. त्याला कोणी विचारले नव्हते.

२००३ मध्ये सेनेट पुन्हा डेमोक्रॅटांकडे आले, आणि अध्यक्षस्थानी बसले ते १९९५ ला दुसरे आलेले एमिल जोन्स. त्यांनी ओबामांवर महत्त्वाची विधेयके सोपवली. खुनाच्या गुन्ह्यातील संशयितांच्या जबान्यांचे चित्रमुद्रण सक्तीचे करणारा कायदा त्यांपैकी एक. असा कायदा करणारे इलिनॉय हे पहिले राज्य. २००४ च्या नोव्हेंबरात संघराज्याच्या सेनेटवर निवडून येऊन ओबामा वॉशिंग्टनला निघाले आणि जागा पुन्हा रिकामी झाली. पुन्हा समितिप्रमुख बसले, पुन्हा वजनदार मते मोजली गेली, आणि हैतीहून आलेल्या आईबापांच्या पोटी शिकागोत जन्मलेले वकील क्वामी राउल सभासद झाले. त्यांनी चौदा वर्षे ती जागा भूषवली; २०११ मध्ये इलिनॉयने देहान्तशासन रद्द केले त्या विधेयकाचे सेनेटमधील प्रवर्तक तेच. २०१८ साली ते राज्याचे महाधिवक्ते म्हणून निवडून आले, आणि २०१९ च्या जानेवारीत रॉबर्ट पीटर्स यांची नेमणूक झाली. जामिनासाठी रोख रक्कम मागण्याची पद्धत इलिनॉयमधून १८ सप्टेंबर २०२३ पासून संपली, त्यामागे पीटर्स यांचा मोठा वाटा होता.

म्हणजे हिशेब असा होतो. १९९१ पासून या जागेवर जी चार माणसे नव्याने आली, त्यांपैकी तिघे नेमणुकीने आले आणि चौथा प्रतिस्पर्धी बाद झाल्यामुळे. चौघेही कर्तबगार होते, त्यांच्या हातून मोलाचे कायदे झाले, आणि याच आधारावर काही जाणते लोक म्हणतात की परिणाम चांगला असेल तर मार्गाची चिकित्सा कशाला. मला हे पटत नाही. चांगला प्रतिनिधी मिळणे हे मतदाराचे भाग्य असू शकते. तो निवडणे हा त्याचा हक्क आहे, आणि भाग्याने हक्काची भरपाई होत नाही. २०११ आणि २०२१ ला चिठ्ठीचीही गरज पडली नाही, कारण दोन्ही सभागृहे आणि गव्हर्नरपद एकाच पक्षाकडे होते. नकाशाचे काम स्वतंत्र आयोगाकडे द्यावे असा प्रस्ताव नागरिकांनी लाखो सह्या जमवून २०१६ साली मतदानापुढे आणू पाहिला, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध तीन मतांनी अडवला. आपल्या देशात मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा आयोग न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली नेमला जातो आणि त्याच्या हुकमाला न्यायालयात सहसा आव्हान देता येत नाही. त्या पद्धतीतही वैगुण्ये आहेत, पण आखणारा हात निदान उमेदवाराचा नसतो.

हा मजकूर मराठीत लिहिण्याला आणखी एक कारण आहे. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली शिकागोतच स्थापन झाले, आणि इलिनॉयमध्ये आज मराठी नागरिकांची दुसरी पिढी मतदान करते आहे. शेजारच्या मिशिगनमध्ये बेळगावकडचे श्री ठाणेदार आधी राज्याच्या प्रतिनिधिगृहात आणि तेथून काँग्रेसमध्ये गेले. तरीही आपल्या घरांतून चर्चा होते ती राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची. राज्याचा सेनेटर कोण, हे ठाऊक असणारी घरे थोडी. तेथील मराठी वाचकांना माझी विनंती आहे की, पुढल्या मोसमात कोणी सह्यांचा कागद घेऊन दाराशी आला तर त्याला परतवू नये. मतदारयादीत आहे तसेच नाव, तोच पत्ता आणि तीच सही करावी. आणि २०३० च्या शिरगणतीनंतर नकाशाच्या जाहीर सुनावण्या सुरू होतील तेव्हा तेथे जाऊन आपले म्हणणे नोंदवावे. नवा नकाशा २०३१ मध्ये व्हायचा आहे.